मागच्या सीटवर बसून ऐका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. घर पुण्यात बावधनला, नोकरी हिंजवडीला. महिन्यातून दोनदा कोल्हापूरला आईवडिलांकडे येणं. मुलगी चार वर्षांची. ह्युंदाईची साधी आय-ट्वेंटी बघायला गेलात, सेल्समनने तिचीच स्पोर्टी बहीण, एन लाइन, फिरवायला दिली आणि एक्झॉस्टचा आवाज ऐकून अंगावर काटा आला. बायकोचं म्हणणं, आवाजासाठी कोणी जास्तीचे पैसे मोजतं का? तुमचं म्हणणं, नाहीतर साधी घेतो आणि बाहेरून फ्री-फ्लो, म्हणजे मोकळा आवाज सोडणारा सायलेन्सर, बसवून घेतो. आणि प्रश्न असा की रोजच्या वापराच्या गाडीत या आवाजाला खरंच काही अर्थ आहे का.

मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला बावीस वर्षं सायलेन्सरचंच काम करतोय. गंजलेले बदलणं, फुटलेले वेल्ड करणं, हौशी पोरांना हवे तसे बनवून देणं आणि तीच पोरं लग्न झाल्यावर परत आली की मूळ सायलेन्सर पुन्हा चढवणं. यातलं शेवटचं काम किती वेळा केलंय याचा हिशेब ठेवला नाही, ठेवायला हवा होता.

आवाजाला अर्थ आहे. नाही म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण तुम्ही पंधरा मिनिटांत ऐकलात तो आवाज आणि पुढची सात-आठ वर्षं तुमच्याबरोबर राहणारा आवाज हे दोन वेगळे आहेत. पहिला येतो अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर. दुसरा असतो पाय स्थिर ठेवून ऐंशी-नव्वदने तासन्‌तास चाललात तर. टेस्ट ड्राइव्हला पहिलाच ऐकवतात, कारण पाषाणच्या रस्त्यावर दुसरा ऐकायला जागाच नसते.

त्याआधी तुमच्या तुलनेतली एक गफलत. साधी आणि एन लाइन यांच्यात फक्त आवाजाचा फरक आहे असं तुम्ही धरलंय. सुरुवातीला, २०२१ साली, तसं थोडंफार म्हणता आलं असतं, कारण तेव्हा साध्या आय-ट्वेंटीतही एक लिटरचं टर्बो, म्हणजे पंख्याने जादा हवा कोंबून जोर वाढवणारं, इंजिन मिळायचं. २०२३ च्या फेरबदलात टर्बो फक्त एन लाइनला राहिलं. साध्या मॅन्युअल गाडीत १.२ लिटरचं, चार सिलिंडरचं, ८३ पीएसचं (साधारण तेवढ्याच अश्वशक्तीचं) इंजिन आहे, टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ११५ न्यूटन मीटरच्या आसपास. एन लाइनमध्ये एक लिटरचं, तीन सिलिंडरचं टर्बो, १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर. शिवाय चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि सस्पेन्शन थोडं कडक. म्हणजे जास्तीचे पैसे जातात ते इंजिन, ब्रेक आणि सस्पेन्शनला. आवाज हा भाजीवर मिळालेल्या कोथिंबिरीसारखा. घरात वाद आवाजावरून चाललाय, पण निर्णय घ्यायचाय तो चार माणसं, सामान आणि एसी घेऊन खंबाटकी घाट चढताना तुम्हाला जोर कमी पडतो का यावर. पडत असेल तर टर्बो घ्या. आणि कडक सस्पेन्शन वडिलांच्या कमरेला चालतं का, हे त्यांना बसवूनच ठरवा. त्याबद्दल मी इथे बसून काही सांगू शकत नाही.

आता आवाजाकडे. कंपनीने ‘स्पोर्टी’ म्हणून दिलेला आवाज मोठा असतो असं बहुतेकांना वाटतं. तसा तो फारसा असूच शकत नाही. आपल्याकडे नव्या प्रवासी कारला आवाजाची मर्यादा आहे ७४ डेसिबल. गाडी ताशी ५० किलोमीटरने आणायची, ठरलेल्या पट्ट्यात पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा आणि साडेसात मीटरवर ठेवलेल्या माइकने मोजायचं. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे ना, अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी ती एक. साधी गाडी असो की स्पोर्टी, दोघींना त्याच मापातून जावं लागतं. मग कंपनी करते काय, तर आवाज वाढवत नाही, त्याचा पोत बदलते. सायलेन्सरच्या मागच्या डब्यातले कप्पे, आतल्या नळ्यांची लांबी, भोकांची जागा असं जुळवते की काही सूर दबतात आणि काही पुढे येतात. एकाच पेटीवर एक जण भजन वाजवतो आणि दुसरा लावणी, तसं.

टर्बो गाडीत हे काम आणखी अवघड. सिलिंडरमधून सुटलेला गरम वायू आधी टर्बोचा पंखा फिरवतो, त्याची धडक तिथेच बरीचशी खर्च होते आणि मग तो सायलेन्सरकडे येतो. म्हणून टर्बो गाड्या मुळातच मवाळ बोलतात. त्यात तुम्हाला जे गुरगुरणं ऐकू आलं, ते कोणीतरी बसून, खपून काढलेलं आहे. आमच्यासारख्याला त्याची किंमत कळते. मी जोडलेला पाइप कितीही सुबक असला तरी तो कानाने आणि अंदाजाने जोडलेला असतो.

तरुणपणी माझ्याकडे यामाहाची टू-स्ट्रोक बाइक, आरएक्स हंड्रेड होती. कोल्हापुरातल्या निम्म्या पोरांकडे होती. पहिलं काम काय, तर सायलेन्सरची पुंगळी, म्हणजे आवाज दाबणारी आतली नळी, काढायची. गल्लीत शिरलो की म्हाताऱ्या दारं लावायच्या आणि आम्हाला वाटायचं, गाडीला काय पिकअप आलाय! पुढे या धंद्यात पडल्यावर कळलं की टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग असतो. बाहेर पडलेली लाट त्याच्यात आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पुंगळी काढून ते गणितच आम्ही बिघडवत होतो. गाडी खालच्या वेगाला मेली होती. पण आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, कान डोळ्यांना फसवतात. आजही फ्री-फ्लो बसवून गेलेला गिऱ्हाईक चौकातून परत येतो आणि सांगतो, ‘काय ओढते राव आता!’ मी मान हलवतो आणि पैसे घेतो.

म्हणून तुमच्या दुसऱ्या पर्यायाबद्दल, साधी घेऊन बाहेरून फ्री-फ्लो, मी जरा जास्त लिहितो. कारण तो स्वस्त वाटतो आणि त्यातच माणसं फसतात.

८३ पीएसच्या इंजिनाला कंपनीचा मागचा डबा काही गळफास लावून बसलेला नसतो. तो काढून मोकळा पाइप घातला तर वरच्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एखाद-दुसरी अश्वशक्ती सुटत असेल, ती गाडीच्या बुडाला जाणवत नाही. उलट पाइप गरजेपेक्षा जाड घातला तर वायूचा वेग मंदावतो आणि खालच्या आरपीएमला, म्हणजे हिंजवडीच्या सिग्नलवर तुम्ही जिथे रोज असणार तिथे, ओढ कमी होते. काही जण त्याहून पुढे जाऊन कॅटकॉनच, म्हणजे धूर साफ करणारा डबाच, काढायला सांगतात. ते काम मी करत नाही. ते काढलं की मागचा ऑक्सिजन सेन्सर ओरडतो, इंजिनचा दिवा लागतो, धूर कायद्याबाहेर जातो आणि पीयूसीला अडकायला होतं.

पण खरी अडचण वेगळी आहे. आम्ही तिला गुणगुण म्हणतो, इंग्रजी शिकलेली पोरं ड्रोन म्हणतात. महामार्गावर वरच्या गिअरला इंजिन साधारण दोन-अडीच हजारांवर फिरत असतं. समजा २४०० धरले, म्हणजे सेकंदाला ४० फेरे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला ८० ठोके. तीन सिलिंडरच्या इंजिनात फेऱ्याला दीड, म्हणजे ६०. हे ६० ते ८० हर्ट्‌झचे खोल सूर म्हणजे कारच्या बंद पेटीचे लाडके सूर. छप्पर, मागचा दरवाजा, डिकीची पोकळी, सगळे मिळून ते उचलून धरतात. काच, कापूस, फोम यांना असले जाड सूर जुमानत नाहीत. कंपनीच्या पाइपात मध्ये जो छोटा डबा असतो, रेझोनेटर, तो बऱ्याचदा नेमका हाच सूर मारायला ठेवलेला असतो. स्वस्तात फ्री-फ्लो बसवणारा पहिल्यांदा तोच कापतो.

इचलकरंजीचा एक गिऱ्हाईक होता, यंत्रमागवाला. नवीकोरी हॅचबॅक घेऊन आला. म्हटलं, महामार्गावर त्रास होईल. हसला. ‘मालक, आम्ही दिवसभर मागाच्या खडखडाटात असतो, मला आवाजाचं काय सांगता!’ बसवून दिला. तीन महिन्यांनी परत. मुंबईला जाऊन आला होता, येताना साताऱ्याच्या पुढे बायको मागच्या सीटवर डोकं धरून बसली. तो म्हणाला ते माझ्या अजून लक्षात आहे. ‘माग खडखडतो, पण तो बाहेर असतो. हे कवटीत शिरून गुणगुणतंय.’ रेझोनेटर बसवून पाहिला, थोडा फरक पडला. शेवटी म्हणाला, जुनाच घाला. जुना कुठाय? पहिल्याच आठवड्यात भंगारात विकला होता. नवा मागवताना त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेव्हापासून मूळ सायलेन्सर गिऱ्हाइकाच्या डिकीत स्वतः ठेवल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

ही गुणगुण मागच्या सीटवर जास्त लागते हे नीट लक्षात घ्या. डबा तिथे खाली असतो. चालवणाऱ्याला स्टिअरिंग असतं, समोर रस्ता असतो आणि आवाज त्याच्या पायाच्या हुकमात असतो, म्हणून त्याला तो आवडतो. मागे बसलेल्याला आवाज नुसता सोसायचा असतो. तुमच्या गाडीत मागे कोण बसणार आहे? मुलगी आणि आई.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करायचा नाही. आवाज आणि धुराच्या नियमांसाठी कलम १९० आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यात पहिल्या गुन्ह्यालाच दहा हजारांपर्यंत दंड, तुरुंगवासाची तरतूद आणि तीन महिने लायसन्सवर गदा आहे. बुलेटच्या फटाका सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतानाचे पोलिसांचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. कारवाल्यांना वाटतं ते फक्त बुलेटवाल्यांसाठी आहे. नाही. शिवाय वॉरंटी. एक्झॉस्टशी संबंधित काहीही बिघडलं की सर्व्हिस सेंटरचा माणूस खाली वाकून पाहणार आणि वेल्डिंग दिसलं की हात वर करणार. त्याचं चूक म्हणता येत नाही.

तेव्हा इथवरचं थोडक्यात. आवाज हवाच असेल तर कारखान्यातून आलेला घ्या, बाहेरून करून घेऊ नका. आणि कारखान्यातून आलेला घेताना पैसे इंजिनासाठी मोजताय हे स्वतःशी मान्य करा.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. तुम्ही आठवड्यातले पाच दिवस एकटे चालवणार असाल तर तुमच्या आनंदाला वजन आहे, आणि त्याबद्दल बायकोसमोर ओशाळून जायचं कारण नाही. बावधन ते हिंजवडी हा काही सुखाचा रस्ता नाही. चांदणी चौकातून सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी दोन क्षण गुरगुरली आणि तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं, तर ते फुकट गेलं असं मी म्हणणार नाही. उलट तुम्ही काच लावून, एसी आणि गाणी चालू ठेवून जाणारे असाल तर टेलपाइपचा आवाज तुम्हाला जवळपास ऐकूच येणार नाही. आत येतो तो जास्त करून इंजिनाचा, हवा खेचण्याचा आणि टायरचा. सिमेंटच्या रस्त्यावर तर टायर बाकी सगळ्यांना गिळून टाकतात. मग तुम्ही पैसे मोजून मागच्या रिक्षावाल्याला मैफल ऐकवताय.

पार्किंग कुठे आहे तेही बघा. थंड इंजिन सुरू झालं की पहिला अर्धा-एक मिनिट ते मुद्दाम वरच्या आरपीएमला फिरतं, कॅटकॉन लवकर तापावा म्हणून. कुठल्याही गाडीचा सर्वांत भसाडा आवाज तोच. बेसमेंटमध्ये सकाळी सहाला तो चारही भिंतींवर आपटतो. पहिल्या मजल्यावरच्या काकू कोण आहेत आणि सोसायटीच्या मीटिंगला येतात का, याची चौकशी करून ठेवा.

गिअरबॉक्सचाही संबंध आहे. ऑटोमॅटिक गाडी शहरात लवकर लवकर वरचा गिअर टाकते, त्यामुळे आवाज फुलायच्या आत संपतो. मॅन्युअलमध्ये गिअर धरून ठेवणं तुमच्या हातात असतं. केवळ आवाजाच्या हौसेने घेणार असाल तर मॅन्युअल घ्या. हिंजवडीचा ट्रॅफिक आणि डावा गुडघा यांचा विचार करून घेणार असाल तर ऑटोमॅटिक घ्या आणि आवाजाची अपेक्षा निम्मी करा. मला विचाराल तर तुमच्या रस्त्याला ऑटोमॅटिक. पण मी पंचेचाळिशीचा आहे, तुमचा गुडघा वेगळा असेल.

काही नव्या गाड्यांत आवाज स्पीकरमधून येतो, म्हणजे इंजिनाच्या आवाजात वरून फोडणी. इलेक्ट्रिक गाड्यांत तर पूर्ण आवाजच तयार केलेला असतो. फियाटच्या अबार्थ या स्पोर्टी ब्रँडने इटलीत त्यांच्या इलेक्ट्रिक फाइव्ह हंड्रेडला जुन्या पेट्रोल गाडीचा आवाज काढणारा भोंगा बसवला. आमच्या धंद्यातले लोक याला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. जो आवाज बटणाने बंद होतो तो कुटुंबाच्या गाडीत सर्वांत शहाणा आवाज. मुलगी झोपली की बंद, एकटे असलात की चालू. लोखंडी सायलेन्सरला बटण नसतं.

तर आता करायचं काय. शोरूमला फोन करा आणि सांगा की पंधरा मिनिटांची नको, तासाभराची गाडी हवी आहे. घेणारा गिऱ्हाईक दिसला की देतात. रविवारी सकाळी जा, बायको, मुलगी सगळ्यांना घेऊन. रात्रभर उभी असलेली गाडी तुमच्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला सांगा आणि मागे उभे राहून ऐका. मग बंगळूर महामार्गाला लागा, वरच्या गिअरला ऐंशी धरा, गाणी बंद, एसी एकवर, आणि दहा मिनिटं काहीही करू नका. नंतर नव्वद. या वेगांच्या मध्ये कुठेतरी एखाद्या आकड्यावर गुणगुण उठते आणि वेग ताशी दोन किलोमीटर वर-खाली झाला की मरते. ती तुमच्या नेहमीच्या वेगावर येते का एवढं शोधायचं. तशी ती येऊ नये म्हणूनच कंपनीने खपलेलं असतं, पण तुमचा कान आणि तुमचा वेग तुमचाच.

यानंतर बायकोला चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. माझ्या सगळ्या उत्तरातलं हे एकच केलंत तरी पुरे. मागे बसून साध्या आवाजात तिच्याशी बोला. दोनदा ‘काय?’ म्हणावं लागलं तर समजा. मुलगी परत येताना झोपली तर आणखी उत्तम.

तोच फेरा साध्या गाडीत मारा, त्याच दिवशी. चार सिलिंडरचं इंजिन कमी जोराचं आहे, पण स्थिर वेगाला मऊ चालतं. खंबाटकीला तिला एक गिअर खाली टाकावा लागेल आणि ती ओरडेल. महिन्यातून दोन घाट. बाकीचे दिवस शांतता. तुम्हाला कुठला सौदा परवडतो ते त्या रविवारी संध्याकाळपर्यंत कळेल.

तुम्ही सांगितलेल्या वापराला मी स्वतः काय घेतलं असतं? टर्बो घेतली असती, पण कोल्हापूरच्या फेऱ्यांसाठी. आणि परतीच्या वेळी खंबाटकीच्या बोगद्यात, घरचे जागे असतील तर, काच खाली करून एक गिअर कमी केला असता. ते सगळेच करतात, कोणी कबूल करत नाही.

एक राहिलं. गाडी कुठलीही घेतलीत तरी पहिल्या थंडीत सकाळी टेलपाइपमधून किंवा डब्याच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकेल. दर हिवाळ्यात चार-पाच जण सायलेन्सर फुटला म्हणून माझ्याकडे धावत येतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन जातं, थंड पाइपात थोडं साचतं. ते भोक त्यासाठीच ठेवलेलं असतं. कोणी एम-सील लावून बुजवायला निघाला तर त्याचा हात धरा, कारण आत साचलेलं पाणी डबा आतून खातं. हिंजवडीसारख्या जवळच्या फेऱ्यांत पाइप पुरता तापत नाही, म्हणून महिन्यातून दोनदा गाडी कोल्हापूरला येतेय हे सायलेन्सरच्याही तब्येतीला बरं आहे.